देवा तुझी नजर असो

बाबांच्या पाठीला जखम झाली, रुपयाएवढी.
मेयोतली सिस्टर म्हणाली, हवेची गादी आणा, मोटरवाली.
त्या रात्री पावणेतीनला
कूलरच्या घरघरीत मी मोबाईल उघडला.
दोन हजार तीनशे एकोणपन्नास.
सकाळी पुन्हा पाहिलं, दोन हजार पाचशे.
दुपारी, बाबांची कूस बदलून झाल्यावर,
दोन हजार आठशे नव्व्याण्णव,
आणि खाली लाल अक्षरांत: फक्त दोनच शिल्लक.

"कितीले आहे वं?" भिंतीकडे तोंड करून बाबांनी विचारलं.
सांगितलं.
"तू कितीदा पाह्यली?"
पाच-सहादा असेल.
"मंग? गिऱ्हाइकानं तीनदा हात लावला
का समजायचं, हे घेऊनच जाते.
मंग कोण भाव उतरवते?"

एकेचाळीस वर्षं गांधीबागेत
भैयालाल शेठच्या गादीवर बसून
बाबांनी लुगडी उलगडली, घडी घातली.
लुगड्याच्या टोकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं
खरेदीचा आकडा, अक्षरांत:
दे वा तु झी न ज र अ सो.
दे म्हणजे एक, सो म्हणजे नऊ, शून्याला फुली.
पाढ्यांच्या आधी मी हे शिकले.

विक्रीचा आकडा कुठेच लिहिलेला नसे.
तो गिऱ्हाइकाच्या अंगावर असे,
चपलेच्या अंगठ्यात, पिशवीच्या बंदात,
सोबत नवरा आहे की सासू,
रिक्षा थांबवून ठेवलीय की पायीच आलेत उन्हातून,
आणि पाणी दिलं तर किती पितात.

"हा तं आपल्यातलाच निघाला,"
बाबा माझ्या मोबाईलकडे पाहून म्हणाले,
थोडे खूशच.

संध्याकाळी शेजारचा प्रज्वल हेडाऊ आला.
काच तडकलेला जुना फोन,
त्यावरून कधी कोणी काही घेतलेलं नाही.
तीच गादी, तोच निळा रंग:
दोन हजार एकशे दहा.
बाबा हसले, हसताना पाठ दुखली.
"फाटकी चप्पल घालून गेला नं बाजारात!
हुशार बाया तशाच यायच्या."
त्याच फोनवरून मागवली.

चौथ्या दिवशी पंप सुरू झाला.
गादीचे फुगवटे आळीपाळीनं भरत, रिते होत.
मला वाटलं, झोपले.
"तुमसरची होती," ते म्हणाले. "चौऱ्यांशी साल असन.
पिशवीतून पत्रिका दिसून राहिल्या होत्या, हळद लागलेल्या.
लग्न परवावर. मी साठ रुपये जास्त लावले.
शेठनं पाठ थोपटली."
मग बऱ्याच वेळानं,
"नोटा ओल्या होत्या तिच्या. हाताच्या घामानं.
दोनदा मोजून देल्ल्या."
मी काय बोलणार.
मोटरचं बटण एका घरानं कमी केलं.

बाबांना जाऊन आता तिसरा महिना.
गादी प्रज्वलच्या आजीकडे गेली.
माझ्या फोनच्या लेखी मात्र
मी अजून न घेताच निघालेली बाई.
विजेचं बिल भरते, गोंदियाच्या गाडीची वेळ बघते,
की कडेला ती निळी गादी येऊन उभी.
आधी दोन हजार दोनशे. मग एकोणीसशे.
पायरी उतरलेल्या गिऱ्हाइकाला
बाबा मागून हाक मारत, अगदी तशी:
ओ बाई, बसा तं खरं, तुमच्या भावात नेजा.

आज सतराशे नव्व्याण्णव.
दे, र, सो, सो, मी ओठांतल्या ओठांत वाचते.
पण ही विक्री. खरेदी किती?
चिठ्ठी उलटून पाहावी म्हणून
काचेवर बोट फिरवते,
तर पुढचं पान उघडतं,
आणि तोही मोजला जातो,
आणखी एकदा लावलेला हात.